उजव्या कानामागचा आवाज

"मागून यायला पाहिजे," थोरवडे काकू म्हणाल्या. "इथून. उजव्या कानाच्या मागून."

मी सांगितलं होतं तशा त्या सोफ्याच्या बरोब्बर मधोमध बसल्या होत्या आणि कानामागं बोट लावून मला जागा दाखवत होत्या. मी टीव्हीमागं गुडघ्यांवर बसून वायरी खोचत होतो. मान वर न करताच म्हणालो, येईल की काकू, पाच स्पीकर कशासाठी लावतोय मग. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी बोट तसंच ठेवलं आणि मी बघेपर्यंत खाली घेतलं नाही.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. कराडला माझं टीव्ही आणि स्पीकर बसवून द्यायचं दुकान होतं, अजूनही आहे. गावात घरात थिएटर करायचं तर ते पिसाळनंच, असा लोकांचा समज होता आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचा बराच हातभार होता. काम मला येत होतं, नाही असं नाही. पण जे येत नव्हतं ते येत नाही म्हणायची सवय मात्र नव्हती.

थोरवडे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा सुयोग मुंबईत सिनेमांच्या आवाजाचं काम करायचा. पडद्यावर माणूस चालला की पावलांचा आवाज, दार लोटलं की बिजागरीचा, असे आवाज गोळा करायचे आणि सिनेमात जागच्या जागी बसवायचे. वर्षभरापूर्वी तो डेंग्यूनं चार दिवसांत गेला. बत्तीस वर्षांचा होता. त्याच्या खोलीतलं सामान मित्रांनी खोक्यांत भरून टेम्पोनं कराडला पाठवलं आणि ते खोक्यांतच पडून राहिलं. पाच स्पीकर, एक जाडजूड ॲम्प्लिफायर आणि इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी तळहाताएवढी डबी.

ती खोकी उघडायचं कारण काकूंनीच मला सांगितलं. सुयोग गेला त्याच्या आदल्या दिवाळीला घरी आला होता. काकू स्वयंपाकघरात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या, तर हा रेकॉर्डर घेऊन शेजारी येऊन बसला. अर्धा तास हलू दिलं नाही, बोलू दिलं नाही, पंखासुद्धा बंद केला. काकू घामाघूम झाल्या आणि त्याला बरंच बोलल्या. पुढं दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आई, तुझं सूप सिनेमात घातलंय. लग्नघराचा प्रसंग आहे, त्यात उजव्या कानाच्या मागून येईल, थिएटरात बसलीस की कळेल. सिनेमा लागायच्या आत तो गेला. कराडच्या थिएटरात तो सिनेमा आलाच नाही. आता तो इंटरनेटवर आला होता, आणि येत्या शनिवारी सुयोगचं वर्षश्राद्ध होतं. त्याच्या आत काकूंना ते सूप ऐकायचं होतं. गल्लीतल्या बायकांनाही सांगून झालं होतं.

"सिनेमा नाही बघितला तरी चालेल मला," त्या म्हणाल्या. "तेवढं एकदा ऐकव."

काकांनी मध्येच चहा आणला. ते फारसं बोलत नव्हते. कुठल्या खोक्यातून काय निघालं ते एका वहीच्या कागदावर लिहून ठेवत होते आणि रिकामी खोकी घडी करून भिंतीला लावत होते.

मी डबी जोडली, सुरू केली. तिनं आकडे मागितले. सुयोगनं काहीतरी कुलूप घातलं होतं आणि ते आकडे घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आमच्या धंद्यात यावर एकच औषध असतं. कुणाचीही जुनी वस्तू हातात आली की आधी पुसून कोरी करायची, म्हणजे मागच्याची भानगड आपल्या गळ्यात येत नाही. मी डबीच्या बुडातल्या भोकात टाचणी खुपसली आणि दहा आकडे मोजले. डबी कोरी झाली. काकांनी विचारलं, काय केलंस. मी म्हणालो, काही नाही, साफ केली.

मग सिनेमा लावला, आणि आवाज येईना तसा. म्हणजे यायचा, पण समोरच्या दोन स्पीकरांतूनच. मागचे दोन मुके. ॲम्प्लिफायरच्या काचेवर अक्षरं उमटतात, त्यांवरून आम्हाला कळतं की पाच वाटांचा आवाज येतोय की दोन वाटांचा. अक्षरं दोन वाटांची होती. मी वायर बदलली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो, डबीच्या सेटिंगमध्ये शिरलो, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दोन तास गेले. ओगलेवाडीचं एक गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. काकू सोफ्यावरून उठल्या नव्हत्या. मी सांगितलेली जागा सोडली तर आवाज चुकेल असं त्यांना वाटत असावं.

तेव्हा मी ती चलाखी केली. ॲम्प्लिफायरच्या रिमोटवर एक बटण असतं. ते दाबलं की समोर जे वाजतंय तेच पाचही स्पीकरांतून वाजायला लागतं. मागून आवाज येतो, पण मागचा आवाज येत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांना हा फरक कळत नाही, ती खूश होतात, आणि मीही ते बटण तोवर निदान वीस घरांत दाबलं होतं. दाबलं. खोली दणाणून गेली.

"आला बघा मागून," मी म्हणालो.

काकूंनी हसून मान हलवली आणि पदर सावरून बसल्या. माझी खटपट चालू असताना काकांनी लग्नघराचा प्रसंग कितव्या मिनिटाला आहे ते बघून कागदावर लिहिलं होतं. मी तिथं नेला. सनई, बायकांचा गलका, भांड्यांचा खणखणाट, सगळं पाचही बाजूंनी. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. प्रसंग संपला. त्या म्हणाल्या, पुन्हा लाव. तीनदा लावला. चौथ्यांदा लावायला गेलो तर त्यांनी डोळे उघडले.

"सूप नाही यात," त्या म्हणाल्या.

आता मला तेव्हाच म्हणता आलं असतं की काकू, जोडणी जमली नाही, उद्या येतो. एवढंच. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं, विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला तरी.

"सिनेमात शेवटी बरंच कापतात काकू. मोठे लोक असतात वर, ते ठरवतात. त्याचं कापलं असेल."

"पण तो म्हणाला होता, घातलंय."

"आईला बरं वाटावं म्हणून म्हणतात की मुलं."

हे मी अगदी मायेनं म्हणालो. त्याचीच जास्त लाज वाटते. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग टीव्हीकडं. म्हणाल्या, असेल बाबा. उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी वाटीत रव्याचे दोन लाडू घेऊन आल्या. मी ते तिथंच उभ्यानं खाल्ले आणि ओगलेवाडीला गेलो.

पुढं चार महिने मी थोरवड्यांच्या घरावरून जायचो ते गाडीचा वेग वाढवून. का ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

मग मलकापूरच्या एका डॉक्टरांकडं तसलीच डबी आली आणि तिथंही तेच दुखणं. डॉक्टर स्वतः हौशी होते, त्यांना बटणाची चलाखी लगेच कळली आणि त्यांनी मला हसत हसत उघडं पाडलं. नाइलाजानं मी पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. नवाथे त्याचं नाव. त्यानं दोन मिनिटांत सांगितलं की डबी थेट ॲम्प्लिफायरला जोड, टीव्हीच्या वाटेनं नको, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये पासथ्रू कर. नाहीतर ती डबी पाच वाटांचा आवाज स्वतः उलगडते आणि त्याचा दोन वाटांचा काला करून पुढं देते. पुढच्याच्या मालात मागचा माल बुडून जातो. तिला सांगायचं की बाई, तू फोडू नकोस, पाकीट जसं आलंय तसं बंदच पुढं दे, ॲम्प्लिफायर फोडेल.

मी केलं. काचेवरची अक्षरं बदलली आणि डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मागून एक कुत्रं असं भुंकलं की मी वळून पाहिलं.

नवाथे अजून फोनवर होता. त्यानं सहज विचारलं, आधी चालत होतं का, कुणी रिसेट मारला का. रिसेट मारला की ते सेटिंग जातं, म्हणाला, लोक हीच चूक करतात. मी फोन ठेवला. डॉक्टरांनी पाणी दिलं ते मी प्यायलो की नाही आठवत नाही.

सुयोगनं डबी अचूक लावून ठेवली होती. त्याचा तर धंदाच तो. मी त्या आकड्यांसाठी त्याच्या मित्रांना एक फोन केला असता आणि वायर सरळ ॲम्प्लिफायरला जोडली असती, तर काकूंना त्याच दिवशी पहिल्या फटक्यात ऐकू आलं असतं. त्यानं आपल्या हातानं लावलेलं शेवटचं काहीतरी त्या घरात आलं होतं आणि मी ते टाचणीनं पुसलं होतं. वर त्यालाच खोटं पाडून, लाडू खाऊन आलो होतो.

एवढं कळल्यावर माणूस धावत जाईल असं कुणालाही वाटेल. मी तीन आठवडे गेलो नाही. आज लग्नाची ऑर्डर, उद्या गाडी बिघडलेली, परवा अमावास्या. शेवटी एका गुरुवारी दुपारी बायकोनं विचारलं, तुम्हाला झालंय तरी काय, आणि मी तिला सांगितलं. तिनं नुसती गाडीची चावी आणून माझ्यासमोर ठेवली.

दार काकांनी उघडलं. मी म्हणालो, ते सेटिंग पुन्हा एकदा बघतो म्हणतोय. त्यांनी मला आत घेतलं नाही, स्वतःच ओट्यावर आले आणि दार लोटून घेतलं.

"राहू दे आता," ते म्हणाले. "तिला पुन्हा तिथं बसवू नकोस."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. वर्षश्राद्धाला बायका आल्या होत्या, त्यांनी विचारलं, तुमचं सूप ऐकलंत का. काकू म्हणाल्या, नाही हो, तसं काही नव्हतंच, तो आपलं माझं मन राखायला म्हणाला होता. त्यानंतर त्यांनी सूप माळ्यावर टाकलं. तांदूळ दुकानातून निवडलेला, पिशवीबंद येतो आता. पाहुणे आले की काकू सुयोगच्या इतर गोष्टी सांगतात, पण कामाविषयी कुणी काढलं तर विषय बदलतात.

मी ओट्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाचणी, बटण, पुण्याचा फोन, तीन आठवडे. काका ऐकत राहिले. मला वाटलं ते हात उगारतील, आणि उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

"नक्की येईल?" त्यांनी विचारलं.

"जोडणीचं नक्की. सिनेमात आहे की नाही ते..."

"आहे," ते म्हणाले. "तो खोटं बोलायचा नाही." मग म्हणाले, "हे मी तिला म्हणायला पाहिजे होतं. मीही गप्प बसलो."

त्यांनी दार उघडून मला आत घेतलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. भाजी चिरल्याचा आवाज येत होता. मी डबीची वायर टीव्हीतून काढली आणि ॲम्प्लिफायरमध्ये घातली, सेटिंग केलं. रिमोटवर दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. काचेवर अक्षरं बदलली. काकांनी कागद काढला. अजून जपून ठेवला होता. मी लग्नघराचा प्रसंग लावला आणि आवाज बेताचा ठेवला. आधी आपण ऐकावं आणि असेल तरच त्यांना बोलवावं, असं आमचं न बोलता ठरलं होतं.

पडद्यावर लग्नघर होतं. त्या गर्दीत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा एकटाच भिंतीकडं तोंड करून वही लिहीत बसला होता. मागच्या वेळी तो माझ्या लक्षातसुद्धा आला नव्हता. समोरच्या स्पीकरांतून सनई येत होती, गलका येत होता, आणि मग उजवीकडून, मागून, आवाज आला. सर्र, सर्र, थप्. सर्र, सर्र, थप्. सुपातले तांदूळ वर उडून पुन्हा खाली पडत होते. मध्येच ते थांबलं, आणि स्टीलच्या ताटलीत एक खडा टण्‌कन पडला. पुन्हा सर्र, सर्र, थप्.

काका खुर्चीचा हात धरून उभे होते. भाजी चिरणं थांबलं.

काकू ओल्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी टीव्हीकडं पाहिलंच नाही. त्या सरळ सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि वाकून तिथं बघायला लागल्या.

"कोण पाखडतंय?" त्यांनी विचारलं. "माझं सूप कुणी काढलं?"

त्या कोपऱ्यात स्पीकरशिवाय काही नव्हतं. पुन्हा एक खडा ताटलीत पडला. तेव्हा काकूंनी त्या स्पीकरकडं पाहिलं, मग पडद्यावरच्या पाठमोऱ्या मुलाकडं, आणि त्या हळूहळू सोफ्यावर येऊन बसल्या. मधोमध नाही, आल्या तिथंच, कडेला.

"सुयोग असाच इथं बसायचा," काका म्हणाले. "दहावीपर्यंत. टेबल इथं होतं, त्या भिंतीला. स्वयंपाकघराकडं पाठ करून."

"मला वाटायचं, त्याचं ध्यान अभ्यासात असतं," काकू म्हणाल्या.

प्रसंग संपला. मी पुन्हा लावला, त्यांनी न सांगता. त्या ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या, कारण हात ओले होते. मला वाटलं होतं की ऐकू आलं की झालं, मी सुटलो. पण काकूंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आनंद आला असेल तर तो क्षणभर येऊन गेला होता, आणि त्याच्या मागून जे आलं ते बघवत नव्हतं.

"म्हणजे तो खरं बोलत होता," त्या म्हणाल्या.

मी खाली बसलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. काकांना सांगण्यापेक्षा हे कितीतरी अवघड गेलं. आईला बरं वाटावं म्हणून म्हणतात मुलं, हे वाक्य मी माझ्या पदरचं घातलं होतं, हेही सांगितलं. त्या मला मध्ये थांबवतील, जाऊ दे म्हणतील, असं वाटत होतं. त्यांनी थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"पाच महिने होत आले," काकू म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या असं वाटत नव्हतं. "रोज संध्याकाळी त्याच्या फोटोपुढं दिवा लावते आणि रोज त्याला म्हणते, का रे बाबा, आईला फसवलंस? मी कुठं मागितलं होतं तुझ्याकडं काही? रोज म्हणते. काल पण म्हणाले."

काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खांद्यावर हात ठेवायला गेले, पण काकूंनी तो हलकेच बाजूला केला. त्यांना रागवायला कुणी हवं होतं की एकटं राहायचं होतं, ते मला कळेना. मी म्हणालो, काकू, माझं चुकलं, मला माफ करा. हे शब्द तोंडातून निघाले तसेच ते किती तोकडे आहेत ते माझं मलाच ऐकू आलं.

"मला काय सांगतोस," त्या म्हणाल्या. "मी तर जिवंत आहे. माझं मी बघून घेईन. त्याला सांग."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी हातानं दाखवलं. देवघराशेजारच्या भिंतीवर सुयोगचा फोटो होता, हार घातलेला, बारीक दाढी, हसताना एक डोळा थोडा मिटलेला. त्या घरात मी दुसऱ्यांदा आलो होतो आणि त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. मी चपला बाहेर काढलेल्या होत्याच, तरी उगाच पायांकडं पाहिलं. मग उठलो आणि त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. चौतीस वर्षांचा बाप्या मी, धंद्यात बोलण्यासाठी प्रसिद्ध, आणि सुरुवात कुठून करायची ते शोधत होतो.

माझ्या पाठीमागून काकू म्हणाल्या, "आधी नाव सांग तुझं. तो तुला ओळखत नाही."

"मी शशिकांत पिसाळ," मी म्हणालो. "तुझी डबी मी पुसली. तू लावली होतीस ती बरोबर होती. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं."

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.